'मस्ट नॉट बी' म्हणजे 'नको' नव्हे!



व्याकरणावरचा लेख म्हटल्यावर पान उलटायच्या बेतात असाल, तर जरा थांबा. हा लेख ओरलला आणि सबमिशनला उपयोगी पडेल, हे तर आहेच. पण तो लिहावासा वाटला तो मार्कांसाठी नाही. तो लिहावासा वाटला, कारण तीन इंग्रजी शब्दांचं मराठी थोडंसं चुकलं आणि आमच्या टेबलावर एक मोठा अपघात होता होता राहिला.

झालं असं. गेल्या सेमिस्टरला मेझरमेंट्सच्या लॅबमध्ये करंट ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे आपल्या सी.टी.चा प्रयोग होता. मी आणि माझी रूम पार्टनर एकाच बॅचला. सी.टी.च्या सेकंडरीला ॲमीटर जोडलेला, सप्लाय चालू. पण काटा जेमतेम हलत होता. तिने ठरवलं की कमी रेंजचा ॲमीटर लावू. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं: 'द ॲमीटर मस्ट नॉट बी रिमूव्हड व्हाइल द सप्लाय इज ऑन.' तिने ते वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, मनातल्या मनात त्याचं मराठीही केलं होतं: 'सप्लाय चालू असताना ॲमीटर काढायला नको.' आणि तिचा हात टर्मिनलकडे गेला. लॅबमधल्या काकांनी ते लांबून पाहिलं आणि धावत येऊन मेन स्विचच पाडला.

"अगं पोरी, वाचता येतं ना तुला?"

"वाचलंय ना काका. काढायला नको असंच लिहिलंय. म्हणजे काढायची काही गरज नाही. पण काढला तर..."

काका काहीच बोलले नाहीत. नुसते तिच्याकडे बघत राहिले.

आता गंमत बघा. तिचं भाषांतर चूक म्हणता येत नाही. घोळ आपल्या 'नको'मध्ये आहे. 'उद्या सुट्टी आहे, लवकर उठायला नको' म्हणजे उठायची गरज नाही. आणि 'मोठ्या माणसांसमोर असं बोलायला नको' म्हणजे बोलणं बरं नव्हे. एकाच 'नको'चे दोन अर्थ. मराठी माणसाला संदर्भाने ते बरोबर कळतात. पण इंग्रजीत या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत, आणि लॅबमध्ये त्या दोन शब्दांच्या मध्ये जीव जाऊ शकतो.

त्या रात्री रूमवर तिने मला विचारलं, "मग मस्ट नॉट म्हणजे नक्की काय गं?" मी कॉन्व्हेंटमधली. ऐटीत म्हणाले, "मस्ट नॉट म्हणजे मस्ट नॉट!" तिने हात जोडले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला इंग्रजी कानाला बरोबर वाटतं की चूक एवढंच कळतं. का, ते सांगता येत नाही. तिला इंग्रजी कमी येत होतं, पण मराठीतले बारकावे ती धडाधड सांगत होती. मग चार रात्री मेसवरून आल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. तिने मराठी सांगायचं, मी इंग्रजी. हा लेख म्हणजे त्या चार रात्रींची वही आहे. (यातलं माझं मराठीही तिनेच तपासलंय!)

एक सूचना. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहिली आहेत. जरा मोठ्याने वाचा, म्हणजे बरोबर ऐकू येतील.

साचा एकच

आपली मॅन्युअल्स, टेक्स्टबुकं, डेटाशीट्स ज्या एका साच्यावर चालतात तो साचा असा: आधी वस्तू, मग मोडल (कॅन, मे, शुड, मस्ट, शॅल वगैरे), मग 'बी', आणि शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप.

'द स्पीड कॅन बी मेझर्ड.'
'द रीडिंग शुड बी नोटेड.'
'द स्विच मे बी क्लोज्ड.'

यात 'बी' कधी बदलत नाही, मोडलला कधी 'एस' लागत नाही, आणि मधे 'टू' येत नाही. आमच्या बॅचच्या जर्नल्समध्ये सगळ्यांत जास्त दिसलेल्या चुका तीन. 'कॅन बी मेझर' (तिसरं रूप विसरलं), 'कॅन मेझर्ड' ('बी' गाळला) आणि 'कॅन एबल टू मेझर' (कॅन आणि एबल एकाच अर्थाचे, दोघांना एकत्र बसवलं). या तीन सुधारल्या तरी जर्नल निम्मं सुधारतं.

पण शास्त्रात हा साचा इतका का वापरतात? कारण तिथे करणारा महत्त्वाचा नसतो. रेझिस्टन्स मी मोजला काय, तुम्ही मोजला काय, उत्तर तेच यायला हवं. म्हणून वाक्यातून 'मी' काढून टाकतात आणि वस्तूला पुढे आणतात.

हे आपल्याला परकं आहे असं मुळीच नाही. ही तीन वाक्यं बघा:

वेग मोजता येतो. उंची मोजता येते. तापमान मोजता येतं.

येतो, येते, येतं हे कोणामुळे बदललं? मोजणाऱ्यामुळे नाही, तर वेग, उंची, तापमान यांच्यामुळे. मोजणारा वाक्यात नाहीच! आणि 'मोजावा, मोजावी, मोजावं' यांचंही तसंच. म्हणजे इंग्रजी 'कॅन बी' आणि 'शुड बी' जे काम करतात, तेच काम आपलं '-ता येतं' आणि '-वा, -वी, -वं' करतं. आपण ते रोज बोलतो. फक्त शाळेत आपल्याला 'कॅन बी मेझर्ड' म्हणजे 'मोजले जाऊ शकते' असं शिकवलं गेलं. ते चुकीचं नाही, पण ते बोलताना जिभेला पीळ पडतो आणि कॅन, मे, कुड, माइट सगळ्यांचं मराठी 'जाऊ शकते' असंच होऊन बसतं. मग फरक कळणार कसा?

म्हणून आमचा पहिला नियम: 'जाऊ शकते' बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक मोडलला मराठीतला त्याचा खरा जोडीदार शोधून द्या.

कॅन बी: '-ता येतं'

'कॅन बी' वस्तूचा गुण सांगतो. ती वस्तूच अशी आहे की तसं करणं शक्य आहे.

'द स्पीड कॅन बी मेझर्ड विथ अ टॅकोमीटर.' टॅकोमीटरने वेग मोजता येतो.
'अल्युमिनियम कॅन बी रीसायकल्ड.' अल्युमिनियम पुन्हा वापरात आणता येतं.

इथे कुणी परवानगी देत नाही, कुणी हुकूमही करत नाही. 'येतं' म्हणजे येतं. उलट बाजूला 'कॅननॉट बी' म्हणजे 'येत नाही'. 'डी.सी. कॅननॉट बी स्टेप्ड अप बाय अ ट्रान्सफॉर्मर.' ट्रान्सफॉर्मरने डी.सी. वाढवता येत नाही. तुम्ही प्रिन्सिपलसाहेबांची सही आणलीत तरी येत नाही!

मे बी: एकतर 'हरकत नाही', नाहीतर 'असेल'

'मे' दोन तोंडांचा आहे.

एक तोंड परवानगीचं. 'द स्विच मे नाऊ बी क्लोज्ड.' आता स्विच लावायला हरकत नाही.

दुसरं तोंड अंदाजाचं. 'द रीडिंग मे बी अफेक्टेड बाय टेम्परेचर.' तापमानाचा रीडिंगवर परिणाम होत असेल, होण्याची शक्यता आहे.

मग शक्यता तर 'कॅन'नेही सांगता येते, फरक काय? इथे माझ्या रूम पार्टनरने फार सुंदर उत्तर शोधलं. ती म्हणाली, "कॅन म्हणजे 'असं होतं कधीकधी', आणि मे म्हणजे 'या वेळी असं झालं असेल'."

'एरर्स कॅन बी कॉज्ड बाय लूज कनेक्शन्स.' ढिल्या कनेक्शनमुळे चुका होतात. हे सर्वसाधारण सत्य झालं.
'धिस एरर मे हॅव बीन कॉज्ड बाय अ लूज कनेक्शन.' ही चूक ढिल्या कनेक्शनमुळे झाली असेल. हा आजच्या टेबलावरचा अंदाज झाला.

'माइट' आणि 'कुड' हे अंदाजात 'मे'चेच सावध भाऊ. जरा कमी खात्री असेल तेव्हा ते वापरायचे. आणि एक लक्षात ठेवा: 'मे बी' सुटं लिहिलं तर ते क्रियापद. जोडून 'मेबी' लिहिलं तर त्याचा अर्थ नुसता 'कदाचित'. जर्नलमध्ये जागा बघून लिहा.

सिव्हिलवाल्यांसाठी यातलं एक छान उदाहरण आहे. आय.एस. ४५६ : २००० या काँक्रीटच्या संहितेत इलॅस्टिसिटीच्या मॉड्युलसचं सूत्र ५०००√एफसीके असं आहे. एम-२० काँक्रीटसाठी ते साधारण २२,३६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येतं. संहिता हे सूत्र 'कॅन'ने देते, म्हणजे ही किंमत धरता येते. आणि लगेच 'मे'ने सांगते की प्रत्यक्ष मोजलेली किंमत २० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त निघेल. म्हणजे आपल्या एम-२०ला सुमारे १७,९०० ते २६,८०० पर्यंत काहीही. कॅनने सोय करून दिली, मेने सावध केलं. दोन्हींचं मराठी 'शकते' असंच केलं असतं, तर हा फरक हातातून निसटला असता.

शुड, शॅल, मस्ट: हॉस्टेलची पाटी वाचा

यांच्यासाठी लांब जायला नको (बघा, हा 'गरज नाही'वाला नको!). आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डासमोर उभे राहा.

'खोलीतून बाहेर जाताना पंखे बंद करावेत.' हे 'फॅन्स शुड बी स्विच्ड ऑफ'.
'रात्री दहाच्या आत परत आलंच पाहिजे.' हा 'मस्ट'.

'-वं' मध्ये सांगणं आहे, '-लंच पाहिजे' मध्ये सक्ती आहे. 'शुड'ला आणखी एक अर्थ आहे, अपेक्षेचा. 'द व्होल्टेज शुड बी २३० व्होल्ट्स' म्हणजे व्होल्टेज २३० असावं असा आदेश नाही. सगळं नीट असेल तर २३० दिसायला हवं, असं. मीटरवर १९० दिसलं तर मीटरला रागवू नका, कनेक्शन तपासा.

'शॅल' हा आपल्याला गोष्टीच्या पुस्तकातला शब्द वाटतो. पण इंजिनिअरच्या जगात तो फार वजनाचा आहे. आय.एस.ओ. आणि आय.ई.सी. या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मानकं कशी लिहावीत याची नियमावली केलेली आहे. तिच्यात हे शब्द अगदी वाटून दिले आहेत: शॅल म्हणजे अट, ती पाळलीच पाहिजे. शुड म्हणजे शिफारस. मे म्हणजे परवानगी. कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. कॉम्प्युटरवाल्यांनाही सुटका नाही. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहितात, त्यांतल्या आर.एफ.सी. २११९ या मार्च १९९७ च्या दस्तऐवजात मस्ट, शुड आणि मे यांचे अर्थ ठरवून दिलेले आहेत. तिथे मस्ट आणि शॅल एकाच वजनाचे धरलेत.

म्हणजे उद्या नोकरीत तुमच्या हातात स्पेसिफिकेशन पडेल, तेव्हा 'शॅल बी टेस्टेड' आणि 'शुड बी टेस्टेड' यांत फरक एका शब्दाचा असेल. पण पहिल्यात टेस्ट केली नाही तर माल परत येईल. दुसऱ्यात का केली नाही याचं कारण द्यावं लागेल.

आता 'नॉट'

आता येऊ मूळ मुद्द्यावर. होकारात मस्ट आणि नीड जवळजवळ वाटतात. 'नॉट' लागला की एकदम दोन टोकांना जातात. आम्ही भिंतीवर लावलेला कागद इथे देते:

नीड नॉट बी रिमूव्हड: काढायची गरज नाही. (काढला तरी चालेल.)
मस्ट नॉट बी रिमूव्हड: काढता कामा नये. (काढलात तर धोका.)
शुड नॉट बी रिमूव्हड: काढू नये.
कॅननॉट बी रिमूव्हड: काढता येत नाही. (प्रयत्न केलात तरी निघणार नाही.)
मे नॉट बी रिमूव्हड: काढायला परवानगी नाही, किंवा, कदाचित काढणार नाहीत. (दोन अर्थ होतात, म्हणून सूचना लिहिताना हा टाळलेलाच बरा.)

या यादीत 'काढायला नको' कुठेही नाही, हे मुद्दाम पाहा. तो आम्ही कायमचा रद्द केला. बोलण्यात खुशाल वापरा, पण मॅन्युअल वाचताना नको. स्वतःला विचारायचं: इथे 'गरज नाही' बसतं की 'कामा नये' बसतं?

आणि सी.टी.च्या बाबतीत 'कामा नये' का, तेही सांगते. इतर शाखांनाही कळू दे. सी.टी.च्या प्रायमरीतून लाइनचा करंट जातो. तो सी.टी.च्या इच्छेवर नसतो, लोडवर असतो. सेकंडरीतला करंट (साधारण ५ किंवा १ ॲम्पिअर रेटिंगचा) त्याला विरोध करत असतो, म्हणून कोअरमधला फ्लक्स आटोक्यात राहतो. ॲमीटर काढून सेकंडरी उघडी केली, की विरोध संपला. प्रायमरीचा सगळा करंट कोअर मॅग्नेटाइज करायला लागतो, कोअर सॅच्युरेट होतो आणि सेकंडरीच्या उघड्या टोकांवर खूप मोठं व्होल्टेज तयार होतं. इन्सुलेशन फुटू शकतं आणि हात लावणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. ॲमीटर बदलायचाच असेल तर आधी सेकंडरी शॉर्ट करायची असते. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी शॉर्ट करू नये असं ऐकत आलेल्या आपल्याला हे उलटं वाटतं, पण सी.टी.चं गणितच उलटं आहे.

अशीच दुसरी ताकीद डी.सी. सिरीज मोटरची. ती लोडशिवाय 'मस्ट नॉट बी स्टार्टेड'. सुरू करायची गरज नाही असं नव्हे, सुरू करता कामा नये! लोड नसला की तिचा करंट आणि फ्लक्स घटतो आणि वेग धोकादायक वाढतो.

कशासाठी? '-ण्यासाठी' आणि 'म्हणून'

शक्यता झाली, आता हेतू. इंजिनिअरिंगमधली निम्मी वाक्यं 'हे कशासाठी वापरतात' याच प्रश्नाची उत्तरं असतात. ओरलला एक्स्टर्नल हाच प्रश्न हमखास विचारतात.

मराठीत हेतू आधी येतो: 'ॲमीटरची रेंज वाढवण्यासाठी शंट वापरता येतो.' म्हणून आपण इंग्रजी बोलायला लागलो की हेतूपासूनच सुरुवात करतो: 'फॉर टू इन्क्रीज द रेंज...' आणि तिथेच गाडी अडते. इंग्रजीत नेहमीची चाल उलटी आहे. आधी वस्तू, मग साचा, मग हेतू:

'अ शंट कॅन बी यूज्ड टू एक्सटेंड द रेंज ऑफ ॲन ॲमीटर.'

आमची युक्ती: मराठी वाक्य मनात म्हणा, मग शेवटून सुरुवात करा. 'शंट' (अ शंट), 'वापरता येतो' (कॅन बी यूज्ड), 'वाढवण्यासाठी' (टू एक्सटेंड), 'ॲमीटरची रेंज'. 'टू' आला तर पुढे साधं रूप, 'फॉर' आला तर पुढे आयएनजी: 'यूज्ड टू मेझर' किंवा 'यूज्ड फॉर मेझरिंग'. 'फॉर टू मेझर' किंवा 'फॉर मेझर' कधीच नाही.

या 'यूज्ड टू'चे दोन जुळे भाऊ आहेत, ते ओळखून ठेवा:

'द मीटर इज यूज्ड टू मेझर पॉवर.' मीटर पॉवर मोजण्यासाठी वापरतात.
'माय ब्रदर यूज्ड टू मेझर एव्हरीथिंग.' माझा भाऊ पूर्वी सगळं मोजत बसायचा.
'वी आर यूज्ड टू ईटिंग इन द मेस.' आम्हाला मेसमध्ये जेवायची सवय झाली आहे. (इलाज नाही!)

पहिल्यात हेतू, दुसऱ्यात जुनी सवय, तिसऱ्यात अंगवळणी पडणं. मीटरला कसलीच सवय नसते, एवढं आठवलं तरी गोंधळ होत नाही.

आणि आता आमच्या वहीतला सगळ्यांत आवडता साचा. शक्यता आणि हेतू दोन्ही एकाच वाक्यात हवे असतील तर काय? मराठीत आपण म्हणतो, 'नीट धरता यावं म्हणून हँडलला रबर लावलंय.' यात '-ता यावं' ही शक्यता आणि 'म्हणून' हा हेतू. इंग्रजीत त्याला 'सो दॅट ... कॅन बी':

'द हँडल इज कव्हर्ड विथ रबर सो दॅट इट कॅन बी हेल्ड सेफली.'

मुख्य वाक्य भूतकाळात गेलं की 'कॅन'चा 'कुड' होतो. बस, एवढंच. '-ता यावं म्हणून' म्हणजे 'सो दॅट ... कॅन बी'. हे एक सूत्र पाठ केलंत, तर प्रयोगाच्या प्रोसिजरमध्ये प्रत्येक पायरीचं कारण देता येईल. नुसतं काय केलं ते नव्हे, का केलं तेही.

झाल्यावर शहाणपण: 'हॅव बीन'

निष्कर्ष लिहिताना मागे वळून बघावं लागतं. त्यासाठी 'बी'च्या जागी 'हॅव बीन':

'मस्ट हॅव बीन कनेक्टेड': जोडलेलाच असणार. (खात्रीचा तर्क)
'मे हॅव बीन कनेक्टेड': जोडलेला असेल. (अंदाज)
'शुड हॅव बीन कनेक्टेड': जोडायला हवा होता. (जोडला नाही, चूक झाली)
'कुड हॅव बीन ॲव्हॉइडेड': टाळता आलं असतं. (टाळलं नाही)

इथे एक इशारा देते. हा सगळा साचा करणाऱ्याला लपवतो. रीडिंग कोणी घेतलं याने फरक पडत नाही, तिथे तो लपलेलाच बरा. पण चूक कोणी केली याने फरक पडतो. 'रॉंग कनेक्शन्स वेअर मेड' असं लिहिलं की कनेक्शन जणू आपोआप चुकीची झाली! मराठीत 'दंड आकारण्यात येईल', 'कार्यवाही करण्यात येईल' अशा पाट्या आपण वाचतो. कोण करणार, ते कुठेच नसतं. मोजमापाचं वाक्य असेल तर वस्तूला पुढे आणा, जबाबदारीचं असेल तर माणसाला पुढे आणा. व्याकरण दोन्ही करू देतं. निवड आपली.

जाता जाता: पाच वाक्यं

उत्तरं खाली आहेत, पण आधी वही घ्या.

१. या ऑसिलोस्कोपवर दोन सिग्नल बघता येतात.
२. मोटर चालू असताना वायरिंगला हात लावता कामा नये.
३. ग्राफ काढायची गरज नाही.
४. रीडिंग सहज घेता यावं म्हणून स्केलवर दिवा लावला.
५. फ्यूज आधीच काढलेला असणार.

उत्तरं:
१. टू सिग्नल्स कॅन बी सीन ऑन धिस ऑसिलोस्कोप.
२. द वायरिंग मस्ट नॉट बी टच्ड व्हाइल द मोटर इज रनिंग.
३. द ग्राफ नीड नॉट बी ड्रॉन.
४. अ लॅम्प वॉज प्लेस्ड ओव्हर द स्केल सो दॅट द रीडिंग कुड बी टेकन ईझिली.
५. द फ्यूज मस्ट हॅव बीन रिमूव्हड अर्लियर.

शेवटी प्रयोगाचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. पुढच्या आठवड्यात आम्ही तो पुन्हा केला. या वेळी काका शेजारीच उभे होते. रूम पार्टनरने आधी सेकंडरी शॉर्ट केली, काकांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, मग तिने ॲमीटर बदलला. जर्नलमध्ये तिने लिहिलं: 'द सेकंडरी वॉज शॉर्टेड सो दॅट द ॲमीटर कुड बी रिमूव्हड सेफली.' शक्यता, हेतू, साचा, सगळं बरोबर. मला न विचारता लिहिलेलं.

त्याच्याखाली प्रिकॉशन्समध्ये मात्र तिने साचा मोडला. तिथे पहिलंच वाक्य होतं, 'आय मेड अ मिस्टेक लास्ट वीक.' सर जर्नल तपासताना त्या ओळीवर थांबले. आम्हाला वाटलं, लाल पेन चालणार. त्यांनी वाक्य तसंच ठेवलं आणि खाली सही केली.

तेव्हा मंडळी, मॅन्युअल उघडाल तेव्हा 'नॉट' दिसला की क्षणभर थांबा. 'गरज नाही' की 'कामा नये', ते ठरवा आणि मगच हात पुढे करा. मराठी मीडियमवाल्यांनी आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून खाली बघायचं कारण नाही. लागणारा प्रत्येक साचा तुमच्या बोलण्यात आधीच आहे. आणि माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी कुणी 'म्हणजे काय?' विचारलं तर 'म्हणजे तेच!' असं उत्तर देऊ नये. 'नये' म्हणजे शुड नॉट. आमच्या बाबतीत तो मस्ट नॉट समजायलाही हरकत नाही!

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी